चौकोनी डबे का येतात? – प्रिंटर आणि फॉन्टची बाराखडी

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त शिव्या कोणाला पडत असतील, तर त्या प्रिंटरला! 'प्रिंट येत नाहीये', 'अक्षरं फुटली', 'मार्जिन कापलं गेलं', आणि त्यातूनही मराठीत काही छापायचं असेल तर 'अरे, हे नुसते चौकोनी डबे आलेत!' गॅदरिंगचं निमंत्रण असो नाहीतर भित्तिपत्रक, हा डब्यांचा अनुभव प्रत्येकाला कधी ना कधी आलेलाच असतो. गंमत म्हणजे कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीमवर तासभर बोलणारी आपली मंडळी फॉन्ट म्हणजे नक्की काय, असं विचारलं की गप्प होतात.

मी पडले कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी आठवड्यातून मोजक्या तासांपुरती, बाकी सगळी घरची आणि पैठणच्या गल्लीतली. त्यामुळे मराठी टाईप करताना पडणारे प्रश्न मला जरा जास्तच पडतात. त्यातून जे वाचलं, शोधलं आणि करून पाहिलं, ते इथे सोप्या शब्दांत मांडते. चला तर मग, सुरुवात यंत्रापासून करू.

१) प्रिंटर : ठिपक्यांचा कारखाना

प्रिंटरला अ, आ, इ काही कळत नाही. त्याला फक्त एकच काम येतं : कागदावर ठरलेल्या जागी ठिपका देणे किंवा न देणे. तो ठिपका कसा देतो, त्यावरून त्याची जात ठरते.

डॉट मॅट्रिक्स : याच्या हेडमध्ये बारीक पिना असतात, साधारणपणे ९ किंवा २४. शाई लावलेल्या रिबिनीवर पिन आपटते आणि ठिपका उमटतो. तो 'चर्र चर्र' आवाज बँकेत पासबुक भरताना अजूनही ऐकू येतो. हा प्रिंटर मेला का नाही? कारण पिन आपटत असल्याने कार्बन घालून एकाच वेळी दोन-तीन प्रती निघतात. लेझरला ते जमत नाही.

थर्मल : यात शाईच नसते. कागदावरच उष्णतेने काळा होणारा लेप असतो. एसटीतल्या कंडक्टरच्या मशीनमधून निघणारं तिकीट असंच असतं. म्हणूनच ते काही दिवस उन्हात राहिलं की कोरं होतं. जपून ठेवायच्या पावतीची झेरॉक्स लगेच काढावी, ती यासाठी.

इंकजेट : बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडवले जातात. काही कंपन्या शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या दाबाने थेंब ढकलतात, तर काही विजेने वाकणाऱ्या पिझो स्फटिकाचा वापर करतात. निळसर, गुलाबीसर, पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात. पहिल्या तीन एकत्र केल्या तर तत्त्वतः काळा यायला हवा, प्रत्यक्षात मातकट रंग येतो. म्हणून काळी शाई वेगळी.

लेझर : यात ड्रमवर विजेचा भार दिलेला असतो. लेझरचा किरण जिथे पडतो तिथला भार बदलतो, त्या जागी टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि शेवटी फ्यूजरचे गरम रोलर ती वितळवून पक्की करतात. प्रिंट गरमागरम हातात येते ती या फ्यूजरमुळे. झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी ही कल्पना पुढे आणली आणि १९७१ मध्ये असा प्रिंटर चालवून दाखवला. आपण ज्याला 'झेरॉक्स मारणे' म्हणतो त्या यंत्रातच मूळ कागदाऐवजी लेझरने चित्र काढायचं, एवढी ती साधी आणि हुशार कल्पना होती!

२) डीपीआय आणि पैठणी

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. हे समजायला आमच्या पैठणला यावं आणि हातमागावर पैठणी विणताना पाहावी. काठावरचा पोपट असो की पदरावरचा मोर, विणकर तो कुंचल्याने काढत नाही. उभे धागे मोजून त्यांत रंगीत आडवा धागा कुठून कुठपर्यंत घ्यायचा हे ठरतं, आणि अशा एकेक घरातून मोर तयार होतो. मोराची मान कितीही गोल दिसली तरी ती शेवटी उभ्या-आडव्या धाग्यांच्या घरांतच बसवलेली असते. धागे जितके बारीक आणि दाट, तितकी मान गोल. डीपीआयचंही अगदी हेच!

आता थोडा हिशोब. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटर, म्हणजे साधारण ८.२७ × ११.६९ इंच. ६०० डीपीआयने त्यावर ४९६१ × ७०१६ ठिपके बसतात, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख. काळा की पांढरा एवढंच सांगायला प्रत्येकी एक बिट धरला तरी एका पानाला चार एमबीहून जास्त मेमरी लागते. १९८४ मध्ये आलेल्या एचपीच्या पहिल्या लेझरजेटमध्ये मेमरी होती १२८ केबी आणि क्षमता ३०० डीपीआय. त्या मेमरीत पूर्ण पानाचे ठिपके मावतच नव्हते. मग तो छापायचा कसा? तर अक्षरांचे आकार प्रिंटरमध्येच किंवा वरून खोचलेल्या कार्ट्रिजमध्ये ठेवलेले असत आणि कॉम्प्युटर फक्त 'इथे ए काढ, तिथे बी काढ' असं सांगत असे. अक्षराचा नंबर वेगळा आणि त्याचा आकार वेगळा, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच फार महत्त्वाची आहे.

३) मधले लोक : ड्रायव्हर, स्पूलर आणि पानाची भाषा

तुम्ही 'प्रिंट' दाबता तेव्हा काम थेट प्रिंटरकडे जात नाही. आधी स्पूलर ते रांगेत लावतो. लॅबमध्ये तीस जणांनी एकदम प्रिंट दिली तरी गोंधळ होत नाही तो याच्यामुळे. (आणि कोणाचं तरी अडकलं की सगळ्यांचं अडकतं, तेही याच्यामुळेच!) मग ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. तो आपलं पान प्रिंटरला समजेल अशा भाषेत सांगतो. एचपीची पीसीएल ही अशी एक भाषा. दुसरी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट. तिच्यात पानाचं वर्णन चक्क प्रोग्रॅम म्हणून लिहिलेलं असतं. १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट आली, त्याच वर्षी पेजमेकर आलं, आणि टेबलावर बसून छपाईची पानं लावण्याचा, म्हणजे डीटीपीचा धंदा जन्माला आला. १९९३ मध्ये आलेली पीडीएफ ही याच पोस्टस्क्रिप्टची लेक म्हणायला हरकत नाही.

४) फॉन्ट : खिळ्यापासून वक्ररेषेपर्यंत

फॉन्ट हा शब्द धातूच्या ओतकामातून आला. जुन्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाच्या मिश्रधातूचा खिळा ओतलेला असे आणि कंपोझिटर ते जुळवून ओळ लावत असे. इंग्रजीत अप्पर केस आणि लोअर केस हे शब्द त्या खिळ्यांच्या वरच्या आणि खालच्या खणांवरूनच पडले. आपल्याकडे मात्र दोन खणांत भागत नव्हतं. मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं मिळून देवनागरीला शेकडो खिळे लागत. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे त्यांच्या देखणेपणासाठी देशभर नावाजले गेले.

आता नेहमी गोंधळात पडणाऱ्या काही संज्ञा :

टाईपफेस म्हणजे अक्षरांचं घराणं, त्याची एक ठेवण. फॉन्ट म्हणजे त्या ठेवणीचा प्रत्यक्ष संच, आजच्या भाषेत फाईल. बोलताना आपण दोन्हीला फॉन्टच म्हणतो, चालायचंच.

पॉइंट हे मोजमाप. डीटीपीत १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. पण १२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. ती ज्या खिळ्यावर बसवलंय त्या खिळ्याची उंची! म्हणूनच दोन वेगळे फॉन्ट १२ पॉइंटला लहान-मोठे दिसतात. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे मूळ अक्षर बऱ्याचदा लहान वाटतं.

लेडिंग म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. पूर्वी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हा शब्द. इंग्रजीचं लेडिंग मराठीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो. मराठी रिपोर्टला ओळींत थोडं जास्त अंतर द्या, पान लगेच सुधारतं.

बिटमॅप फॉन्ट म्हणजे ठिपक्यांनी भरून ठेवलेलं अक्षर. मोठं केलं की पायऱ्या दिसतात. आउटलाइन फॉन्टमध्ये अक्षराची कडा गणिती वक्ररेषांनी साठवलेली असते, त्यामुळे कितीही मोठं करा, कडा गुळगुळीत. ॲपलने आणलेला ट्रूटाईप १९९२ मध्ये विंडोज ३.१ मधून घरोघरी पोहोचला. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी मिळून ओपनटाईप आणला. आपल्यासाठी हा ओपनटाईप फार मोठी गोष्ट आहे, कारण कोणत्या अक्षरांची जोडी आली की कोणता आकार घ्यायचा, याचे नियम त्यात फॉन्टबरोबरच ठेवता येतात.

५) अक्षर वेगळं, आकार वेगळा

आता मुद्द्यावर येऊ. कॉम्प्युटर फक्त आकडे साठवतो. इंग्रजीसाठी फार पूर्वीच ठरलं की ए म्हणजे ६५, डी (लहान) म्हणजे १००. मराठीचं काय? १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सीडॅकने वाढवलं आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणही आलं. पण गल्लीतल्या डीटीपी सेंटरने वेगळीच, झटपट युक्ती स्वीकारली. इंग्रजी फॉन्टमध्ये डी च्या घरात सरळ 'क' चं चित्र बसवायचं! कॉम्प्युटरला वाटतं डी लिहिलाय, डोळ्याला दिसतं क. कृतिदेव या फॉन्टमध्ये असंच आहे. त्यात 'भारत' लिहिलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी अक्षरं : एच, के, के, जे, आर.

कागदावर छापायचं एवढाच उद्देश असेपर्यंत ही युक्ती झकास चालली. पत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक, पुस्तकं सगळं निघालं. पण प्रत्येक कंपनीने घरं आपापल्या मर्जीने भरली. एका फॉन्टमधला क दुसऱ्यात भलताच काहीतरी. आणि तो फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर? तर नुसता इंग्रजी कचरा.

हे माझ्या अंगावर कसं आलं ते सांगते. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने २००४ साली एक छोटी पुस्तिका काढली होती. त्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि गवळणी होत्या, ज्या दुसरीकडे कुठे छापलेल्या नाहीत. सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. पुस्तिकेच्या दोनच प्रती उरल्या, दोन्हींची शेवटची पानं गळालेली. नाथषष्ठीला पुन्हा छापायचं ठरलं तेव्हा काकूंनी जपून ठेवलेली सीडी माझ्या हातात दिली. 'तू इंजिनिअर ना गं, काढ यातून.' सीडी माझ्यापेक्षा वयाने मोठी! पण चालली. फाईल उघडली. आणि आत पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांची खिचडी.

विचार करा, त्या फाईलमधला एकही बिट बिघडलेला नव्हता. कॉपी अगदी शंभर टक्के अचूक होती. हरवली होती ती फक्त वाचण्याची किल्ली. ज्यांनी टाईप केलं त्यांचाही काही दोष नाही, तेव्हा तीच पद्धत होती.

इथे मला आमच्या नाथ महाराजांची आठवण येते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला करता करता पाठभेद शिरले होते. संत एकनाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या काळी अडचण अशी की नकल करणाऱ्याच्या हातून शब्द बदलायचा. आज नकल बिनचूक होते, पण आकड्याचा अर्थच विसरला जातो. दोन्हीकडे नुकसान एकच : मजकूर आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

६) युनिकोड : सगळ्यांची एकच किल्ली

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं मिळाली. क म्हणजे २३२५, कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठल्याही मशीनवर. 'पैठण' हा शब्द म्हणजे २३४६, २३७६, २३३६, २३३९ : प, ऐकाराची खूण, ठ आणि ण. बस्स.

मग क्ष ला नंबर कोणता? वेगळा नाहीच! क, हलन्त आणि ष असे तीन नंबर ओळीने साठतात आणि त्यांचा एक आकार करणं हे फॉन्टच्या नियमांचं काम. तसंच 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण साठते नंतर, कारण आपण उच्चारतो तसं. साठवलेल्या नंबरांवरून योग्य आकार निवडून जागच्या जागी बसवण्याला शेपिंग म्हणतात. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा असा देवनागरी ओपनटाईप फॉन्ट. तो घडवला आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. आज मुंबईच्या एक टाईपचा मुक्त, गुगलचा नोटो असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात.

आता चौकोनी डब्यांचं कोडं सुटलं असेल. डबा म्हणजे 'नंबर कळला, पण त्याचा आकार या फॉन्टमध्ये नाही'. इंग्रजी खिचडी म्हणजे 'नंबरच इंग्रजीचे आहेत, जुना फॉन्ट आणा'. आणि मात्रेबरोबर ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर 'ही मात्रा कोणत्या अक्षराला लावू?' असं कॉम्प्युटर विचारतोय. तीन आजार, तीन औषधं!

मराठीच्या दोन खास खोड्याही सांगायला हव्यात. पहिली, अर्धा र. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. फरक फक्त त्या चंद्रकोरीसारख्या र चा. तो लिहायला युनिकोडमध्ये वेगळा ऱ आहे, पण काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच आकार काढतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण सर्चमध्ये एकाने दुसरा सापडेलच असं नाही. दुसरी खोडी ल आणि श ची. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं, नंबर मात्र एकच. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली आणि सॉफ्टवेअरने साथ दिली, तर मराठी वळण आपोआप येतं.

७) मग सीडीचं काय झालं?

वर्डमध्ये फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. ते नाव मिळालं आणि निम्मं काम झालं. त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधला. कन्व्हर्टर म्हणजे मुळात एक तक्ता : जुना नंबर आला की नवा नंबर लिही. पण नुसत्या अदलाबदलीने भागत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठते, ती मागे न्यावी लागते. रफार अक्षरानंतर साठतो, तो पुढे आणावा लागतो : 'धर्म' मध्ये र चा नंबर म च्या आधी हवा. एवढं करूनही ऱ्य आणि ष्ट्र सारख्या जागी चुका राहिल्याच. दिवाळीच्या सुट्टीत काकू छापील प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचत बसल्या आणि मी स्क्रीनवर दुरुस्त करत गेले. गळालेल्या पानांपाशी आलो तेव्हा ताडून पाहायला प्रतच नव्हती. तिथे स्क्रीनवरची ओळ मी वाचायची आणि काकूंनी चालीवर म्हणून पाहायची. चाल अडखळली की समजायचं, इथे अक्षर चुकलंय! अशी आठ पानं परत मिळाली.

८) एवढं नक्की करा

• मराठी नेहमी युनिकोडमध्येच टाईप करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरा किंवा माझ्यासारखा उच्चाराप्रमाणे चालणारा, साठणारे नंबर तेच.
• बाहेर प्रिंटला देताना पीडीएफ द्या आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय का बघा. एम्बेड म्हणजे फॉन्ट फाईलच्या पोटात. मग दुकानातल्या मशीनवर तो नसला तरी बिघडत नाही. मूळ फाईलही जपा, पीडीएफमधून मराठी कॉपी केल्यावर बऱ्याचदा तुटते.
• ड्रॉइंग छापताना 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साईज' निवडा. नाहीतर स्केल बिघडतो.
• नवा फॉन्ट घेतला की ही ओळ टाईप करून पाहा : 'आचाऱ्यांनी दऱ्याखोऱ्यांत राष्ट्रीय खाद्यपदार्थ शिजवला.' अर्थ विचारू नका! ही ओळ नीट उमटली तर फॉन्ट पास.
• घरात जुन्या सीड्या, पेनड्राइव्ह असतील तर फेकू नका. फॉन्टचं नाव आधी एका कागदावर लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर ती फॉन्टची फाईलही शेजारीच कॉपी करा.

शेवटच्या मुद्द्याबद्दल एक विनंती. आपल्यातल्या प्रत्येकाच्या गावात एखादं भजनी मंडळ, वाचनालय, शाळेचा जुना अंक किंवा आजोबांनी टाईप करून घेतलेली वंशावळ असेलच. ती वाचू शकणारी माणसं अजून आहेत आणि त्या फाईली उघडू शकणारे आपण आहोत. हे दोन्ही एकाच वेळी फार वर्षं राहणार नाही. तेव्हा या सुट्टीत गावी गेलात की कपाट उघडा, सीडी शोधा आणि पहिलं काम म्हणजे फॉन्टचं नाव बघा. अडलं तर मला वर्गात गाठा, तक्ता तयार आहे!